कराराच्या गुरुवारचं मीठ

बिसादाला आपल्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो ही गोष्ट नझलत बिशारा गावात सगळ्यांना माहीत होती. एकट्या बिसादाला ती मान्य नव्हती. तो त्याला शिस्त म्हणायचा. "चर्चची एक शिस्त असते," हे त्याचं येताजाता पालुपद, आणि ते म्हणताना त्याचे डोळे त्या भावाच्या, सिधोमच्या, हातांवर खिळलेले असायचे.

एकतीस वर्षं बिसादा संत अबू सिफैनच्या चर्चची भाकर करत होता. चर्चला लागून भट्टीची एक बुटकी खोली आहे. तिला आम्ही बैतलहमच म्हणतो, येशूच्या जन्मगावाच्या नावानं. तिथं उपाशीपोटी, ओठांवर स्तोत्रं ठेवून कणीक मळायची. पीठ, पाणी, खमीर, बस्स. मीठ नाही. त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत मिठाचा खडासुद्धा आणायचा नाही. मग गोल भाकरीवर क्रुसाचा ठसा उठवायचा, भोवती पाच भोकं पाडायची, प्रभूच्या पाच जखमांची. टोपलीत भाकरी नेहमी विषम असतात, तीन, पाच किंवा सात. याजक, म्हणजे आमचे अबूना युस्तुस, प्रत्येक भाकर उचलून, उलटीपालटी करून, हुंगून पाहतात आणि एकच निवडतात. ती वेदीवर जाते. तिला कोकरू म्हणतात. उरलेल्या भाकरी प्रार्थना संपल्यावर दारात लोकांना वाटल्या जातात.

एकतीस वर्षं टोपलीत बिसादाच्याच भाकरी असायच्या, त्यामुळे अबूनांनी कुठलीही उचलली तरी ती बिसादाचीच असायची. यात निवड नावाचं काही असतं हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सिधोम परत आला तो नैरूझच्या दिवशी. आमचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं आणि चर्चच्या दारात बायका लाल खजूर आणि पेरू वाटत असतात. अठरा वर्षांपूर्वी हा पठ्ठ्या आपल्या वाटणीचं उसाचं शेत विकून अलेक्झांड्रियाला गेला होता. तिथं प्याला, पडला, उठला, पुन्हा प्याला. आई गेली तेव्हा मातीलाही आला नाही. आणि आता एक पिशवी खांद्याला लावून दारात उभा! रिफ्कानं, बिसादाच्या बायकोनं, त्याला पाहिलं आणि ओंजळभर खजूर त्याच्या हातावर ठेवले. बिसादानं त्याला गच्चीवरची खोली दिली. ती प्रेमानं दिली असं म्हणवत नाही. दिली नसती तर गाव बोललं असतं.

सिधोम अबूनांकडे पापांची कबुली द्यायला गेला तो दीड तासानं बाहेर आला. अबूना डोळे पुसत होते.

"माझी कबुली कधी पाच मिनिटांच्या वर गेली नाही," बिसादा घरी येऊन म्हणाला.

"तुमच्याकडं सांगण्यासारखं काय असणार, नसीमचे बाबा?" रिफ्का घेवडे निवडत म्हणाली. "तुमचं चित्रच तेवढं भिंतीवर लावायचं राहिलंय, संतांच्या रांगेत."

"थट्टा नको करूस. दीड तास! एवढी पापं करायची आणि वर कौतुक करून घ्यायचं."

कियाहकच्या महिन्यात, नाताळच्या आधीच्या उपासात, बिसादाचा गुडघा सुजला. अबूनांनी सिधोमला मदतीला पाठवलं. सिधोमनं अलेक्झांड्रियात बारा वर्षं बेकरीत काढली होती. त्यानं बाह्या सारल्या, हात धुतले, कणकेत बोटं घातली, आणि ती कणीक त्याचं ऐकायला लागली. दुसरा शब्द नाही त्याला. बिसादा तिच्याशी एकतीस वर्षं झगडत आला होता. हा नुसता हात फिरवायचा आणि ती गुळगुळीत व्हायची. बिसादाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं त्याच दिवशी दुसरी काठवट आणली. "तू तुझी मळ, मी माझी मळतो," म्हणाला. "शिस्त असते."

बाप्तिस्म्याच्या सणाला सिधोमची भाकर पहिल्यांदा निवडली गेली. बिसादाला ती दुरूनही ओळखू आली, कारण सिधोम भोकं क्रुसापासून जरा लांब पाडायचा. प्रार्थना संपल्यावर बिसादानं उरलेल्या भाकरींची टोपली स्वतः जाऊन पाहिली. आपल्या सगळ्याच्या सगळ्या तिथंच पडलेल्या. घरी रिफ्कानं सणाची अळूच्या कंदांची भाजी केली होती. त्यानं ताट सरकवलं.

"पोटात दुखतंय," तो म्हणाला.

"ते दिसतंयच," रिफ्का म्हणाली. "चर्चमध्ये साडेनऊला सुरू झालं. मी बायकांच्या बाजूनं बघत होते."

मग मोठा उपास आला, पंचावन्न दिवसांचा. रोज प्रार्थना, रोज भाकर. आणि बहुतेक रोज सिधोमचीच. लोक सिधोमला म्हणायला लागले, "तुझ्या हाताला आशीर्वाद आहे रे." बिसादाच्या हाताला एकतीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. तोच तर एकटा करत होता, कुणाशी तुलना करून म्हणणार? पण हे त्याला सांगणार कोण. त्याला वाटायचं, मी दारू प्यालो नाही, शेत विकलं नाही, आईचं शेवटचं पाणी मी पाजलं, एक उपास मोडला नाही, आणि देवाला आवडते ती याच्या हातची भाकर! रात्री कूस बदलताना तो देवाशीच भांडायचा. प्रार्थनेतसुद्धा त्याची नजर वेदीवर नसायची, टोपलीवर असायची. त्या वर्षीचा सबंध उपास त्यानं तोंडानं पाळला, एवढंच.

तिसऱ्या रविवारी उधळ्या पुत्राचं वाचन झालं, सगळं उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी घालतो ते. अबूना थोरल्या भावाबद्दल बोलले. घरात गाणंबजावणं चाललंय आणि हा अंगणात रुसून उभा, असं म्हणताच पुढच्या बाकावरच्या दोघातिघांनी मागं वळून पाहिलं. बिसादाला वाटलं, हे प्रवचन मुद्दाम मला डिवचायला रचलंय. ते वाचन दरवर्षी त्याच रविवारी येतं आणि अबूना दरवर्षी तेच बोलतात, हे तो सोयीनं विसरला.

सगळ्यात मोठी पंचाईत शांतीच्या चुंबनाची होती. प्रार्थनेच्या मधोमध सेवक हाक देतो, "पवित्र चुंबनानं एकमेकांना भेटा," आणि प्रत्येकजण शेजाऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतो, मग तो हात आपल्या ओठांना लावतो. सिधोम नेमका बिसादाशेजारी येऊन उभा राहायचा. बिसादाला नेमकी त्याच वेळी धुपाटण्यातल्या निखाऱ्यांची आठवण व्हायची आणि तो लंगडत भट्टीकडे पळायचा. एकदा सिधोम मागोमाग तिथं आला.

"दादा, हात दे की."

"कोळशानं काळे झालेत हात."

"मग माझेही होऊ देत."

"चर्चमध्ये स्वच्छता पाळावी माणसानं," बिसादा म्हणाला आणि पाठ फिरवून निखारे हलवत राहिला. सिधोम तसाच परत गेला.

झावळ्यांच्या रविवारी सगळं गाव विणलेल्या झावळ्यांचे क्रूस घेऊन चर्चमध्ये असताना अबूनांनी बिसादाला बाजूला घेतलं.

"बिसादा, पुनरुत्थानाच्या सणाची भाकर यंदा सिधोमला करू दे. तुझा गुडघा बघ कसा झालाय. एकतीस वर्षं उभा राहिलास, आता जरा बस. शनिवारी खोलीची किल्ली त्याच्याकडं दे."

"सणापुरतीच ना, अबूना?"

अबूना क्षणभर थांबले. "बघू पुढं," म्हणाले.

ते थांबणं बिसादाच्या काळजात घुसलं. किल्ली म्हणजे त्याचं सगळं होतं. ती गेली म्हणजे मग दारात हात पसरून भाकर घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं, आणि तीही सिधोमच्या हातची.

त्या शेवटच्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार वेदी बंद असते. काळे पडदे लागतात, भाकर होत नाही. ते तीन दिवस बिसादा आत धुमसत राहिला. अजून एक भट्टी त्याची होती, गुरुवारची. कराराच्या गुरुवारी, प्रभूनं पहिल्यांदा भाकर मोडली त्या दिवशी, दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं. त्या दिवसाचं आणखी एक सुख होतं. यहूदा या शिष्यानं प्रभूला चुंबन घेऊन पकडून दिलं, म्हणून त्या आठवड्यात आम्ही कुणी कुणाचं चुंबन घेत नाही, आणि गुरुवारच्या प्रार्थनेत शांतीची हाकही देत नाहीत. सिधोमचा हात टाळायला पळावं लागणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी दोन्ही काठवटी भरल्या होत्या. सिधोम मागच्या अंगणातून लाकडं आणायला गेला. बिसादानं रिफ्काच्या डब्यातून रुमालात बांधून आणलेलं मूठभर मीठ काढलं आणि भावाच्या कणकेत घातलं. दोनदा मूठ फिरवली. ओठांवर त्या वेळीही स्तोत्र चालू होतं. 'हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर' हे म्हणतच त्यानं कणीक दुमडली.

त्याचा हिशोब सोपा होता. मीठ नसतं ते भाकर फुगावी म्हणून, असं त्याला वाटायचं. म्हणजे मीठ पडलं की भाकर बसणार, चपटी होणार, तडकणार. अबूना ती उचलणार नाहीत. दारात लोकांच्या जिभेला मीठ लागलं की सिधोमच्या निष्काळजीपणाचा डंका पिटला जाईल, आणि किल्ली त्याच्याच घरी खिळ्यावर राहील. गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की मिठानं कणीक आवळून येते, भाकर उलट जास्त देखणी होते. पण बिसादानं जन्मात कणकेत मीठ घातलं नव्हतं. त्याला कुठून कळणार?

सिधोम लाकडं घेऊन आला तेव्हा बिसादा काठवटीचा आधार घेऊन उभा होता.

"दादा, गुडघा दुखतोय का? तू जा, प्रार्थनेला बस. तुझ्याही भाकरी मीच वळतो."

एरवी बिसादानं आपल्या कणकेला दुसऱ्याचं बोट लागू दिलं नसतं. त्या दिवशी तो गेला. खरं म्हणजे पळाला.

चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी सुरू झाला. अबूना कमरेला टॉवेल बांधून एकेकासमोर वाकत होते. ते बिसादासमोर आले, त्याचा सुजलेला पाय हातात घेतला, ओल्या कपड्यानं हलकेच पुसला आणि विचारलं, "फार ठणकतोय का रे?" सांगून टाकावं असं बिसादाला वाटलं. तेवढ्यात अबूना पुढच्या माणसाकडे सरकले, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं.

मग टोपली आली. सात भाकरी. बिसादा मान उंच करून बघत होता आणि बघता बघता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एकही चपटी नव्हती. सातही गोल, फुगलेल्या, सारख्या, आणि सातांवर भोकं सिधोमच्या हातची. त्याची कुठली, भावाची कुठली, त्यालाही सांगता येईना. अबूनांनी एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली, हुंगली, ठेवली. चौथी उचलली आणि पसंत केली.

आता बिसादाची खरी घालमेल सुरू झाली. सातातल्या चार नेहमीप्रमाणे त्याच्या कणकेच्या असणार, म्हणजे गप्प राहायला हरकत नव्हती. पण उरलेल्या तिनांतली ती असेल तर? ती आता वेदीवर होती. थोड्या वेळानं ती भाकर राहणार नव्हती, प्रभूचं शरीर होणार होती. आणि त्यात बिसादाच्या मुठीतलं मीठ. सगळं गाव, त्याची मुलं, रिफ्का, तोंड उघडून ते घेणार. भावाच्या तोंडात घास जाऊ नये म्हणून केलं, आणि ते देवाच्याच ताटात गेलं.

वाचनं झाली. प्रवचन झालं. बिसादा स्वतःला समजावत होता, शांतीची हाक येऊ दे. तेव्हा सगळे हलतात, कुजबुजतात, त्या गडबडीत सिधोमला गाठून कानात सांगू, तो अबूनांना सांगेल, दुसरी भाकर... विश्वासाची कबुली सगळ्यांनी म्हणून झाली, एरवी इथंच हाक यायची. हाक आली नाही. येणारच नव्हती, आज गुरुवार होता. इतके दिवस जिच्यापासून तो लंगडत पळाला ती हाक आज त्याला हवी होती आणि नेमकी आजच नव्हती. अबूनांनी हात उंचावले. "तुमची अंतःकरणं वर करा."

"अबूना, थांबा!"

आवाज आपलाच आहे हे बिसादाला उशिरा कळलं. गाणारे थांबले. चारशे माणसांनी मागं पाहिलं.

"त्यात मीठ आहे. भाकरीत. असेल. मी टाकलं, सिधोमच्या कणकेत." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "किल्ली जाऊ नये म्हणून."

रिफ्कानं तोंडावर पदर ओढला. अबूना वेदीपाशी तसेच उभे होते, हात अजून वर. तेवढ्यात सेवकांच्या रांगेतून सिधोम पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता. चोरी त्याचीच पकडली गेलीय असं वाटावं इतका.

"मीठ नाहीये, अबूना," तो हळू म्हणाला. "सातही दादाच्याच कणकेच्या आहेत. माझी मी वापरली नाही. पुढं चालू द्या."

अबूनांनी भाकरीकडे पाहिलं, मग दोघा भावांकडे. "बिसादा," ते म्हणाले, "आज तू पुढं येऊ नकोस. शनिवारी ये, पण आधी कबुलीला माझ्याकडं." आणि प्रार्थना पुढं सुरू झाली.

म्हणजे त्या दिवशी वेदीवर गेली ती बिसादाची कणीक होती. इतक्या महिन्यांनी त्याचीच निवड झाली, आणि सगळ्या गावात एकट्या त्यालाच तिचा घास मिळाला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आधी सगळं आटोपलं. बिसादा भट्टीच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. लोक त्याच्याकडे न बघता जात होते. रिफ्कासुद्धा मुलांना घेऊन सरळ घरी गेली. सिधोम हातात उरलेल्यातली एक भाकर घेऊन आला आणि शेजारी बसला.

"हात घातला तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "बारा वर्षं मिठाचीच मळलीय, दादा. कणीक लगेच आवळते."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? दादानं मीठ टाकलं म्हणून सांगू अबूनांना? ती कणीक बाजूला ठेवली, वहिनीला नेऊन देणार होतो. म्हटलं, तू विसरशील, मीही विसरेन."

बिसादानं त्याच्याकडे पाहिलं. लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्याखाली तीच जुनी आग जशीच्या तशी होती. क्षमा करायची ती याला किती सहज जमली! कुणी न सांगता, कुणाला न सांगता. मला अख्खं गाव गोळा करून ओरडावं लागलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "आत्ताही तुझा हेवाच वाटतोय मला. तू गप्प राहिलास त्याचासुद्धा."

सिधोम हसला नाही. भाकर हातात फिरवत राहिला.

"आई दर रविवारी फोन करायची," तो म्हणाला. "तब्येत कशी आहे, जेवलास का, हे मागाहून. आधी एकच, 'आज बिसादाची भाकर वेदीवर गेली.' दर रविवारी. मी कुठल्यातरी गुत्त्यात पडलेलो असायचो, आणि कानाशी तुझी भाकर. शेवटी मी फोन उचलणंच सोडलं. ती गेली त्या आठवड्यात सात फोन आले होते. मी नुसता वाजू दिला. मला वाटलं, तुझ्या भाकरीचंच असेल."

समोर कुणीतरी चर्चचं दार ओढून घेतलं.

"ते फोन आईनं केले नव्हते," बिसादा म्हणाला. "तिला बोटही हलवता येत नव्हतं. तिच्या फोनवरून मी लावत होतो. तुझंच नाव घेत होती ती. मी उशाशी बसलेलो, पाणी पाजत होतो, आणि ती, सिधोम आला का, सिधोम आला का." त्यानं सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी धरला. "सातव्यांदाही तू उचलला नाहीस तेव्हा मला बरं वाटलं रे. ती म्हणाली, अजून एकदा लाव. मी लावतो म्हणालो. आठव्यांदा मी लावलाच नाही."

हे त्यानं अबूनांना पाच मिनिटांच्या कबुलीत कधी सांगितलं नव्हतं. रिफ्कालाही नाही. सिधोमच्या हातातली भाकर फिरायची थांबली. बिसादा खाली मान घालून सिधोम उठून जायची वाट बघत राहिला. ऊन पायरीवरून उतरलं, अंगणात गेलं. सिधोम उठला नाही.